गाडी दिली, पण नाव कोणाचं?

आखाजी आली की आपण पितरांच्या नावानं घागर भरतो. घागरीवर आंबा, खरबूज, सांजोरी ठेवतो. सालदाराचा जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो. याच दिवसांत कपाशीचं शेत मोकळं असतं, माणूस जरा निवांत असतो आणि खळ्यातल्या निंबाखाली उभ्या असलेल्या जुन्या पिकअपकडे त्याचं लक्ष जातं. नवी गाडी घेऊन दोन वर्षं झाली. जुनीला कोणी पन्नास-साठ हजारांच्या वर बोलत नाही. मग घरात कोणीतरी म्हणतं, "विकून काय मिळणार? त्यापेक्षा दादांच्या नावानं कुठंतरी देऊन टाकू. पुण्य तरी लागेल."

शेतकरी बंधूंनो, विचार चांगला आहे. आपल्या खान्देशात देणाऱ्यांची कधी वाण नव्हती. शाळेला जागा देणारे, पांजरापोळला कडबा टाकणारे, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी निघालेल्यांना रस्त्यात पाणी अन् जेवण देणारे आपलेच लोक. पण घागर देणं वेगळं आणि गाडी देणं वेगळं. घागर दिली की विषय संपला. गाडी दिली की कागद मागे राहतो. तो कागद नीट झाला नाही तर दान देणाऱ्याच्या गळ्यात येतं, आणि कधी कधी घेणाऱ्याच्याही. म्हणून हा लेख. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनीही वाचावा, कारण गावाला गाडी मिळते तेव्हा सही त्यांना करावी लागते.

कोणाला उपयोगी पडते?

आधी गरज कोणाची ते पाहू. पिकअप किंवा छोटा हत्ती ही गावाची हमाल आहे. रावेर-यावलकडे केळीचे घड बांधावरून रस्त्यापर्यंत आणायचे, धुळ्याकडे कांदा-मिरची बाजारात न्यायची, कापूस जिनिंगवर टाकायचा, सगळं तीच करते. हीच कामं सेवाभावी संस्थांनाही असतात. पांजरापोळ आणि गोशाळांना रोज चारा ओढावा लागतो. २०१८ सारखं दुष्काळी वर्ष आलं की चारा लांबून आणावा लागतो आणि चाऱ्यापेक्षा वाहतूक महाग पडते. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-शिरपूरकडे किंवा साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आदिवासी मुलांची वसतिगृहं आहेत. त्यांना धान्य, भाजी, गॅसच्या टाक्या आणायच्या असतात. आषाढीला मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांना सामानाची गाडी लागते. गावाला कचरा उचलायला गाडी लागते, उन्हाळ्यात वस्तीवर पाणी न्यायला लागते, आणि तालुक्याच्या गावाला वैकुंठरथ लागतो.

म्हणजे गरज आहे, यात शंका नाही. प्रश्न असा की तुमची गाडी त्या गरजेला पुरी पडते का?

भाकड गाईचं दान

कीर्तनात नचिकेताची गोष्ट आपण ऐकलेली आहे. बाप यज्ञात गाई दान देत होता, पण कशा? दूध आटलेल्या, दात पडलेल्या, चारापाणी संपलेल्या. पोरानं ते पाहिलं आणि त्याला लाज वाटली. जुनी गाडी देताना ही गोष्ट जरा आठवावी.

गाडी फुकट मिळाली तरी फुकट चालत नाही. मालवाहू गाडीचा नुसता तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा घ्या. २०२२ साली ठरलेल्या दरानुसार साडेसात टनापर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये आणि वर जीएसटी वेगळा. म्हणजे गाडी जागची हलली नाही तरी महिन्याला तेराशेच्या वर गेले. आता समजा गाडी रोज ३० किलोमीटर फिरते आणि लिटरला १२ किलोमीटर देते. महिन्याला ७५ लिटर डिझेल लागलं. लिटरला ९० रुपये धरले तरी ६,७५० रुपये झाले. ड्रायव्हरचा पगार, टायर, बॅटरी, ग्रीस-ऑइल तुम्हीच धरा. गाडी आठ वर्षांवरची असेल तर फिटनेस दरवर्षी करून घ्यावा लागतो. त्याआधी तो दोन वर्षांनी असतो. पंधरा वर्षांवरच्या गाडीला तपासणीचं शुल्क नव्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त पडतं.

एखाद्या छोट्या वसतिगृहाला हा खर्च म्हणजे तेल-डाळीच्या पैशाला कात्री. मग होतं काय? पहिले सहा महिने गाडी झोकात फिरते. गिअर बॉक्स गेला की झाडाखाली उभी राहते. विमा संपतो, फिटनेस संपतो, कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. आणि पाटीवर तुमच्या वडिलांचं नाव तसंच असतं.

म्हणून देण्याआधी दोन गोष्टी करा. एक, गाडी आपल्या नेहमीच्या मेस्त्रीकडे नेऊन तिचं काम स्वतः करून घ्या. क्लच, ब्रेक, टायर, दिवे ठीक करून, विमा आणि फिटनेस चालू करूनच गाडी द्या. दोन, संस्थेला सरळ विचारा: "गाडी वर्षभर चालवायला तुमच्याजवळ किती पैसे आहेत?" उत्तर नसेल तर गाडीबरोबर एक वर्षाचा डिझेलचा खर्च देता येईल का ते पहा. तेही जमत नसेल तर पुढे दुसरा रस्ता सांगितला आहे.

धुळ्याच्या जेलमधला धडा

१९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. फेब्रुवारी ते जून अशी अठरा प्रवचनं झाली. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार आहेत. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची आशा न धरता दिलेलं दान ते सात्त्विक, असा त्याचा मतलब. आपल्या भाषेत सांगायचं तर जागा पाहून द्या, वेळ पाहून द्या, माणूस पाहून द्या.

पुढे याच विनोबांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू केलं. ऐंशी एकर मागितली, शंभर एकर मिळाली. नंतर देशभर लाखो एकर जमीन दानात जमा झाली. पण त्यातली बरीचशी भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. काही जमीन पडीक होती, काही वादातली होती, काही ठिकाणी दान जाहीर झालं पण कागदोपत्री नाव बदललं नाही. भावना मोठी होती, पण सातबारा जागेवरच राहिला.

गाडीचंही तसंच आहे. गाडीचा सातबारा म्हणजे नोंदणीपत्र, आपण त्याला आरसी बुक म्हणतो. देवळासमोर नारळ फोडला, हार घातला, किल्ली अध्यक्षांच्या हातात दिली, पेपरात फोटो आला, तरी सरकारदरबारी गाडी तुमचीच. आमच्याकडे एखादा दाता वर्षभरानं हळूच सांगतो, "गाडी ते दिधी भो, पन कागदवर नाव मन्हंच शे." हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

अपघात झाला तर?

समजा तुम्ही दिलेली पिकअप संस्थेचा माणूस चालवतोय आणि तिनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. विमा संपलेला आहे. नोंदणी अजून तुमच्या नावावर आहे. भरपाई कोण देणार?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेलं आहे. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात गेलेली होती, पण नोंदणीवर नाव पहिल्याचंच होतं. न्यायालयानं सांगितलं की मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीनं ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. अपघातात सापडलेल्या गरिबानं खरा मालक शोधत हिंडायचं नसतं. न्याय म्हणून ते बरोबरच आहे. पण दान देऊन मोकळं झालो असं समजणाऱ्याला ते जड जातं.

आणि ही रक्कम वसूल कशी होते, ठाऊक आहे? मोटार अपघात न्यायाधिकरणानं ठरवलेली भरपाई दिली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्याचं प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ शकतं. म्हणजे पिकअपचा विषय फिरून शेतावर येतो. अठरा वर्षांखालच्या पोरानं गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. संस्थेच्या आवारात कोण स्टिअरिंगवर बसतो, यावर तुम्ही घरी बसून लक्ष ठेवणार आहात का?

कागद कसे करायचे?

घाबरायचं कारण नाही. काम एकदा क्रमानं केलं की निश्चिंती.

पहिली गोष्ट बोज्याची. गाडीवर बँकेचं किंवा फायनान्सचं कर्ज असेल तर आधी ते फेडा, ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन नोंदणीपत्रावरचा बोजा उतरवा. कर्ज फिटलं पण बोजा उतरवायचा राहिला, अशा गाड्या गावोगाव आहेत. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा राहतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट नावाची. गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर तुम्हाला ती देता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. भाऊ-बहिणींची संमती लेखी घ्या. दान एकाचं आणि भांडण चौघांचं, असं व्हायला नको.

तिसरी गोष्ट बाकीची. ई-चलान, कर, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला लागणारा पर्यावरण कर, सगळं भरून टाका. बाकी असेल तर नाव बदलायचं काम अडतं.

चौथी गोष्ट देणगीपत्राची. कायद्यानं जंगम वस्तूचं दान ताबा देऊनही पूर्ण होतं, पण गाडीच्या बाबतीत लेखी देणगीपत्र करावंच. त्यात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. वेळ लिहायची, कारण अपघात वेळ पाहून होत नाही. 'मोबदला काही घेतला नाही' हे वाक्य हवं आणि 'संस्थेनं दान स्वीकारलं' हेही हवं. स्वीकार दात्याच्या हयातीत व्हावा लागतो. एक लक्षात ठेवा, दान एकदा झालं की मन फिरलं म्हणून परत मागता येत नाही. काही अट घालायची असेल, उदाहरणार्थ गाडी अमुक कामासाठीच वापरावी, तर ती दोघांच्या संमतीनं आधीच लिहा आणि वकिलाला दाखवून घ्या.

पाचवी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हस्तांतराची. देणाऱ्यानं फॉर्म २९ आणि घेणाऱ्यानं फॉर्म ३० भरायचा. गाडी आपल्याच राज्यात राहणार असेल तर देणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. घेणारी संस्था दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत असेल, म्हणजे गाडी एमएच १९ ची आणि संस्था धुळ्याची, तर आणखी काय लागतं ते आधी कार्यालयात विचारून घ्या. गाडी सीमेपलीकडे बऱ्हाणपूर-सेंधव्याकडे जाणार असेल तर ना-हरकतीसाठी फॉर्म २८ लागतो.

सहावी गोष्ट विम्याची. तिसऱ्या पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण त्यानं १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. पूर्ण विमा असेल तर ते न केल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

गाडीचं एकूण वजन मालासकट ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्यावर असेल तर परवाना आहे, आणि तो गाडीबरोबर आपोआप जात नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं एक मोकळीक कायम केली. हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस साडेसात टनापर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

माझं म्हणाल तर अर्ज दाखल झाल्याची पावती हातात आल्यावरच किल्ली द्यावी. हार-नारळाचा कार्यक्रम नवं नोंदणीपत्र आल्यावर ठेवावा. त्या नोंदणीपत्राची झेरॉक्स देणगीपत्राला टाचून घरच्या पेटीत, शेताच्या कागदांजवळ ठेवावी.

मागे माणसं बसवू नका

फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईनं भरलेला ट्रक उलटला. पपईवर रावेर तालुक्यातले मजूर बसलेले होते. रात्रीची वेळ. किमान पंधरा जण गेले, त्यात बायका होत्या, मुलं होती. घरी परतत होते बिचारे. ते दुःख अजून त्या गावांनी विसरलेलं नाही.

ही आठवण इथं का काढली? कारण वसतिगृहाला पिकअप मिळाली की ती एक दिवस धान्य आणते आणि दुसऱ्या दिवशी मुलांना क्रीडास्पर्धेला घेऊन जाते. दिंडीची सामानाची गाडी थकलेल्या म्हाताऱ्यांना मागे बसवते. मन चांगलं असतं, पण पिकअपचा हौदा मालासाठी आहे. वळणावर धरायला काही नसतं. आणि कायद्याची बाजूही ऐका. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस सोडून मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांच्या भरपाईला विमा कंपनी बांधील नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे विमा चालू असूनही भरपाई मालकाच्या अंगावर. देणगीपत्रात एक ओळ ठळक लिहा: हौद्यात माणसं बसवायची नाहीत.

तसंच गाडीचं रूप बदलण्याचं. पिकअपला वैकुंठरथ करायचं, रुग्णवाहिका करायची, पाण्याची टाकी कायमची बसवायची, तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. नोंदणीपत्रात लिहिलेल्या बांधणीत परस्पर बदल चालत नाही. रुग्णवाहिकेचे तर वेगळे नियम आहेत, नुसता स्ट्रेचर अन् भोंगा लावून भागत नाही. २०१४ पासून १०८ नंबरची सेवा आहे. आजारी माणसासाठी आधी तिला फोन करावा. पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर म्हणजे एक किलो. छोट्या हत्तीची भार क्षमता पाऊण टनाच्या आसपास, मग त्यावर हजार लिटरची टाकी भरून वस्तीच्या चढावर कशी न्यायची?

घेणारा कोण आहे?

संस्था असेल तर ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदलेली आहे का ते पहा. नोंदणी क्रमांक मागा, विश्वस्तांची यादी मागा, मागच्या वर्षाचा तपासलेला हिशेब मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका, चांगली संस्था आनंदानं दाखवते. विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या. गाडी संस्थेच्याच नावावर झाली पाहिजे, अध्यक्षांच्या किंवा त्यांच्या पुतण्याच्या नावावर नाही. "काबरं भो, एकच तर आहे," असं कोणी म्हणालं की समजून जा.

ग्रामपंचायतीला देत असाल तर एक नियम नीट समजून घ्या. केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षं झाली की संपते, तिचं नूतनीकरण होत नाही. सरकारी म्हणजे केंद्र-राज्याच्याच नव्हे, महापालिका, नगरपालिका आणि पंचायतींच्याही. म्हणजे तुमची २०१२ सालची पिकअप तुमच्याकडे राहिली तर फिटनेस करून पुढे चालू शकते, पण पंचायतीच्या नावावर गेली तर २०२७ ला तिचा दिवस भरला. अशी गाडी गावाला देऊन उपयोग नाही. पंचायतीला द्यायचीच तर निदान सात-आठ वर्षांचं आयुष्य बाकी असलेली द्या.

सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी, यांना विनंती. दात्याचं मन मोडू नये म्हणून येईल ती गाडी घेऊ नका. आधी मेस्त्रीचा अभिप्राय घ्या. मासिक सभेत ठराव करा, त्यात गाडी कशासाठी, ड्रायव्हर कोण, डिझेल कोणत्या खर्चातून हे लिहा. नमुना १६, म्हणजे जडवस्तू संग्रह व जंगम मालमत्ता नोंदवहीत नोंद करा. गाडीत लॉगबुक ठेवा, रोजचे किलोमीटर लिहा. नाहीतर गावाची गाडी कोणाच्या तरी कांद्याच्या फेऱ्या मारताना दिसते, आणि पुढच्या ग्रामसभेत दुसरा विषयच होत नाही.

कर वाचतो का?

काही जण सांगतात, गाडी दान केली की आयकरात सूट मिळते. तसं नाही. ८०जी म्हणून जी सवलत ओळखली जाते ती पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या दानाला नाही. धान्य दिलं, कपडे दिले, गाडी दिली, तर त्याची किंमत धरून वजावट मिळत नाही. पैसेही रोखीनं दोन हजारांवर दिले तर चालत नाही, चेकनं किंवा बँकेतून द्यावे लागतात. नव्या करपद्धतीत तर ही सूटच नाही. आणि शेतीचं उत्पन्न मुळातच करमुक्त आहे. मग नुसत्या शेतकऱ्याला करासाठी दान करायचं कारण उरत नाही. आपलं दान आपण मनासाठी करतो, हे एका अर्थी बरंच आहे.

अमेरिकेत जुनी मोटार दान देणं ही मोठी रीत आहे, आणि तिथं करात सूट मिळते. लोक भंगार गाडीची भरमसाठ किंमत लावून सूट घेऊ लागले. शेवटी २००५ पासून त्यांनी कायदा कडक केला. संस्थेनं गाडी विकली तर विकून जेवढे पैसे आले तेवढीच सूट, पाचशे डॉलरच्या वरच्या गाडीला हा हिशेब. म्हणजे तिथंही संस्था बहुतेक गाड्या वापरत नाहीत, विकतात.

आपल्याकडे केरळात गुरुवायूरच्या मंदिराला डिसेंबर २०२१ मध्ये महिंद्रा कंपनीनं नवी थार जीप अर्पण केली. देवस्थानानं ती लिलावात काढली. पहिल्यांदा १५ लाख १० हजारांची बोली आली, त्यावर वाद झाला, जून २०२२ मध्ये फेरलिलाव झाला आणि ४३ लाख आले. देवाला गाडी नको होती, पैसा कामाला आला. आणि उघड लिलाव नीट केला तर किती फरक पडतो, तेही दिसलं.

मग दुसरा रस्ता

वर म्हटलं तो रस्ता हाच. गाडी जुनी असेल, संस्थेला चालवणं झेपणार नसेल, तर गाडी तुम्ही विका आणि पैसे द्या. गाडी विकण्याची अक्कल तुमच्याजवळ आहे, वसतिगृहाच्या बाईंजवळ ती असेलच असं नाही. साठ हजार आले तर त्यात मुलांच्या गाद्या होतील, सोलरचा बंब बसेल, पांजरापोळला ट्रॉलीभर नव्हे, ट्रॉल्या भरून चारा जाईल. विकतानाही फॉर्म २९ आणि ३० विसरू नका, कारण वरची सगळी भीती विक्रीलाही लागू आहे.

गाडी चालण्याच्याच पलीकडे गेली असेल तर ती नुसती भंगारवाल्याला ओढून देऊ नका. २०२१ च्या धोरणानंतर नोंदणीकृत भंगार केंद्रं सुरू झाली आहेत. तिथं गाडी दिली की ठेव प्रमाणपत्र मिळतं, नोंदणी रद्द होते, आणि नवी मालवाहू गाडी घेताना मोटार वाहन करात सवलत मिळण्याची सोय आहे. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवणं हे मालकाचं काम आहे. नाहीतर तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीवर लागून फिरेल आणि नोटीस तुमच्या घरी येईल.

थोडक्यात काय, गाडी धडधाकट असेल, घेणाऱ्याला गरज असेल आणि चालवायची ऐपत असेल, तर गाडी द्या. यातलं एक जरी नसेल तर पैसे द्या. दोन्हींत पुण्य सारखंच.

आखाजीला घागर भरताना आपण ती गळकी आहे का ते आधी पाहतो. गळकी घागर पितरांच्या नावानं कोणी ठेवत नाही. खळ्यातल्या त्या पिकअपचं बॉनेट एकदा उघडून पहा, नोंदणीपत्र पेटीतून काढून त्यावरचं नाव वाचा, बोजा उतरला का ते पहा. एवढं उद्या सकाळी केलं तरी निम्मं काम झालं.